परसातल्या कोंबड्या आणि बर्ड फ्लू : नव्याने पक्षी पाळणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

बर्ड फ्लूची बातमी आली की चिकनचा भाव पडल्याचं कळतं आणि पांढरे कपडे घातलेली माणसं शेडमध्ये शिरल्याचे फोटो दिसतात. मधलं कोणी सांगत नाही. पहिली कोंबडी मेली तेव्हा मालकाने काय करायचं, फोन कोणाला करायचा, भरपाई कशाची मिळते आणि कशाची मिळत नाही, घरातल्या लेकरांना काय सांगायचं, हे आम्हाला २०२१ च्या जानेवारीत विचारत विचारत कळलं. परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात तेव्हा दोन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या होत्या. आमचं गाव तिथून दहा किलोमीटरच्या आत, म्हणजे सर्वेक्षण क्षेत्रात, जिथे पक्षी मारत नाहीत पण ने-आण थांबवून नजर ठेवतात. आमच्या कोंबड्या वाचल्या, पण त्या काही आठवड्यांत मी जे पाहिलं, ऐकलं आणि कागदावर उतरवून ठेवलं ते इथे क्रमाने देत आहे.

हे परसात दहा-वीस गावरान कोंबड्या असणाऱ्यांसाठी आहे, तसंच गिरिराज, वनराज किंवा कावेरी या सुधारित जातींची शे-पाचशेची बॅच नव्याने सुरू करणाऱ्यांसाठीही. मोठ्या फार्मवाल्यांकडे डॉक्टर असतो, सुपरवायझर असतो. आपल्याकडे आपणच.

१. आधी रोग समजून घ्या

हा इन्फ्लुएंझाचा विषाणू आहे. आपल्या भागात कोंबड्या झपाट्याने मारणारा प्रकार म्हणजे मुख्यतः एच५एन१. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. त्याच नवापूरला २०२१ मध्ये पुन्हा फटका बसला. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्या, लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे. तारखा बघा, जवळजवळ सगळ्या थंडीतल्या आहेत. त्याची दोन कारणं. थंडीत उत्तरेकडून रानबदकं आणि पाणपक्षी आपल्या धरणांवर, तळ्यांवर उतरतात आणि त्यांतल्या काहींच्या पोटात हा विषाणू असतो. शिवाय गारव्यात विषाणू जास्त टिकतो. ४ अंश सेल्सिअसला विष्ठेत तो ३५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, ३७ अंशाला मात्र साधारण सहा दिवस.

तो पसरतो विष्ठेतून, नाकातोंडाच्या स्रावातून, आणि ही घाण ज्या-ज्या वस्तूला लागते त्यातून. चप्पल, टायर, अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या रिकाम्या गोण्या, व्यापाऱ्याचे पिंजरे. रोग आकाशातून येतो असं आपण म्हणतो, पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो बहुतेक वेळा माणसाच्या पायाने जातो. आणि पाय कुठे ठेवायचा हे आपल्या हातात आहे.

एच५एन१ची लस कोंबड्यांना देण्याची आपल्या देशात परवानगी नाही. कोणी गावात येऊन ‘बर्ड फ्लूची लस’ विकत असेल तर घेऊ नका आणि दवाखान्यात कळवा.

२. थंडीच्या आधी खुराडं नीट करा

हे काम दसरा-दिवाळीच्या सुमारास उरकून घ्या. नोव्हेंबर ते मार्च हे धोक्याचे महिने धरा.

जाळी : शेडला किंवा खुराड्याला चिमणी शिरणार नाही अशी बारीक जाळी लावा. कावळा, साळुंकी, पारवा यांना खाद्याच्या भांड्यापर्यंत येऊ द्यायचं नाही. गावरान कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, त्यांना पाच महिने कोंडून ठेवा म्हणणं खरं नाही, ते कोणी करत नाही. पण दाणे आणि पाणी तरी छपराखालीच द्या, म्हणजे रानपाखरं अंगणात गोळा होणार नाहीत. आसपास साथीची बातमी आली की मात्र कोंडाच.

पाणी : तळ्याचं, ओढ्याचं, कालव्याचं पाणी थेट देऊ नका. बोअरचं किंवा नळाचं द्या, नाइलाज असेल तर क्लोरीन टाकून. उजनी, जायकवाडीसारख्या जलाशयांच्या काठावर राहणाऱ्यांनी हे फारच मनावर घ्यावं.

बदकं वेगळी : कोंबड्यांसोबत बदकं पाळू नका. बदकाला लागण झाली तरी ते कित्येकदा ठणठणीत दिसतं आणि विष्ठेतून विषाणू टाकत राहतं. कोंबडी मेल्यावरच घोटाळा कळतो.

चप्पल : हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा. शेडसाठी एक रबरी बुटांची किंवा चपलांची जोडी वेगळी ठेवा. ती शेडबाहेर येणार नाही आणि बाहेरची आत जाणार नाही. दारात चुन्याची रांगोळी टाकून भागतं असा समज आहे. शेणाने, चिखलाने भरलेल्या चपलेवर चुना काही करत नाही. आधी ब्रशने घासून धुवायचं, मग जंतुनाशकात बुडवायचं. पाय बुडवायच्या टबातलं पाणी रोज बदला.

फवारणी : २०२१ मध्ये पशुसंवर्धन विभागाने सांगितलेला उपाय आम्ही अजून करतो. धुण्याचा सोडा, लिटरभर पाण्यात ७ ग्रॅम. खुराडं, गोठा, गटार, भिंती, पक्ष्यांचा वावर असलेली जमीन यांवर फवारायचा, पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा. सोडा वाण्याकडे मिळतो. फवारण्याआधी झाडून घ्या, नाहीतर सोडा फुकट जातो.

लागणाऱ्या वस्तू एका डब्यात घालून ठेवा :

- रबरी हातमोजे, एन-९५ मास्क, डोळ्यांवर लावायला साधा गॉगल
- जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या आणि बांधायला सुतळी
- धुण्याचा सोडा, चुना, ब्लीचिंग पावडर
- साबण, ब्रश, पाठीवरचा फवारणी पंप (पिकाच्या औषधाचा असेल तर आधी चांगला धुऊन)
- एक वही आणि दोरीने बांधलेला पेन

३. वही ठेवा

पाच कोंबड्या असोत की पाचशे, वही ठेवाच. तारीख, एकूण पक्षी, मेलेले, अंडी, खाद्य किती खाल्लं. रोज एक ओळ. पिल्लं कुठून आणली, कधी आणली, कोणती लस दिली, हे पहिल्या पानावर. घरात कोणी न कोणी शाळेत जाणारं असतं, त्याच्याकडे हे काम द्या. फक्त त्याने शेडमध्ये जायचं नाही, तुम्ही सांगायचं आणि त्याने लिहायचं.

या वहीचा उपयोग दोनदा होतो. एक, रोग लवकर कळतो. परवा ४२ अंडी, काल ४०, आज १९, हे डोळ्यांपेक्षा कागद आधी सांगतो. दुसरा उपयोग भरपाईच्या वेळी, तो पुढे येईलच.

राणीखेतची, म्हणजे आपण मानमोडी म्हणतो तिची लस वेळेवर द्या. पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. राणीखेत आणि बर्ड फ्लूची लक्षणं खूप मिळतीजुळती असतात. लस दिलेल्या कळपात अचानक मर लागली तर डॉक्टरही लगेच सावध होतात. लसच दिली नसेल तर ‘मानमोडीच असेल’ म्हणून चार दिवस निघून जातात.

४. नवे पक्षी थेट कळपात सोडू नका

बाजारातून आणलेला कोंबडा, पाहुण्याने दिलेली तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी), योजनेतून मिळालेला गट, काहीही असो, निदान पंधरा दिवस वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात ठेवा. आधी जुन्या कोंबड्यांचं काम करा, मग नव्यांचं, उलट नाही. आठवडी बाजारात न विकलेली कोंबडी घरी परत आणली तर तीही नवीनच धरा. दिवसभरात ती कोणाच्या पिंजऱ्याशेजारी होती ते आपल्याला ठाऊक नसतं.

अंडी नेणाऱ्याला, कोंबड्या विकत घेणाऱ्याला शेडमध्ये शिरू देऊ नका. माणूस रागावत नाही, फाटकाशी ट्रे ठेवला की तो तिथून नेतो. कागदी ट्रे परत घेऊ नका. प्लास्टिकचे घेतले तर धुऊन उन्हात वाळवूनच आत न्या.

५. काय दिसलं की संशय घ्यायचा

अगदी धडधाकट कोंबडी सकाळी मेलेली सापडणं, हे पहिलं. बऱ्याचदा दुसरं काही दिसायच्या आत मर सुरू होते. लक्षणं दिसलीच तर अशी : तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) काळेनिळे पडणं, डोकं-डोळे सुजणं, पायांवर लालसर-जांभळे डाग, नाकातून चिकट पाणी, हिरवट पातळ हगवण, मान वळणं, पंख पाडून एका जागी बसून राहणं, अंडी एकदम कमी होणं किंवा मऊ कवचाची येणं.

यातलं एकेक लक्षण इतर रोगांतही असतं. तुम्ही निदान करायचं नाही, मीही करत नाही. माझ्यापुरता मी नियम ठरवला आहे : लागोपाठ दोन दिवस कारण नसताना पक्षी मेले, किंवा एकाच दिवशी तीन-चार मेले, किंवा खाद्य-पाणी अचानक निम्म्यावर आलं, तर फोन. शेजारी एखादा कावळा किंवा बगळा मेलेला दिसला असेल तर एका कोंबडीवरही फोन.

६. पहिले दोन तास

इथे माणसं गोंधळतात, म्हणून हे सावकाश वाचा.

(क) सगळ्यांना शेडबाहेर काढा. आत एकच माणूस जाईल, तोही मोजे, मास्क, वेगळी चप्पल घालून. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, दम्याचा त्रास असलेले, यांतलं कोणी नाही.

(ख) उरलेले पक्षी कोंडा. मोकळी सोडलेली कोंबडी दुसऱ्याच्या अंगणात जाते.

(ग) मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. मोजे नसतील तर पिशवी हातात उलटी घालून उचला, तीच पिशवी सुलटी करून बांधा, वर दुसरी पिशवी. सावलीत, कुत्र्यामांजराच्या तोंडाला लागणार नाही अशा ठिकाणी झाकून ठेवा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, ‘नमुना खराब होईल’ म्हणून कोणी सांगितलं तरीही नाही. नमुना जपणं हे डॉक्टरांचं काम आहे, ते बर्फाचा डबा घेऊन येतात.

(घ) पोट फाडून बघू नका. ओळखीच्या खासगी माणसाला बोलावून अंगणात फाडायलाही लावू नका. रक्त आणि आतडी उघडली की विषाणू चहूकडे उडतो.

(ङ) कोणतंही प्रतिजैविक पाण्यात टाकू नका. विषाणूवर ते चालत नाही, आणि दोन दिवस ‘औषध सुरू आहे’ या भरवशावर निघून जातात.

(च) फोन करा.

फोन कोणाला? सगळ्यात जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, तिथले पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक. त्यांचा नंबर आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ते उचलत नसतील तर १९६२, हा जनावरांच्या मदतीचा टोल फ्री क्रमांक. सोबत सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा पोलीस पाटील यांना सांगा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे असा संशय आला की गावपातळीवर कळवणं हे मालकाचं कर्तव्यच आहे. तोंडी सांगून थांबू नका. दोन ओळींचा अर्ज लिहा, तारीख-वेळ टाका, पक्ष्यांची एकूण संख्या आणि मेलेल्यांची संख्या लिहा, ग्रामपंचायतीचा शिक्का घेऊन एक प्रत जवळ ठेवा. शिक्का लगेच मिळत नसेल तर अर्जाचा फोटो डॉक्टरांना मोबाइलवर पाठवा, वेळ आपोआप नोंदली जाते.

७. चार सापळे, ज्यांत चांगली माणसं अडकतात

‘उरलेल्या विकून टाकू.’ मर लागली की व्यापाऱ्याला स्वस्तात देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. पोटाला चिमटा बसलेला असतो, कर्ज असतं, मला ते कळतं. पण ती गाडी दहा गावांतून जाते, आणि रोग त्या दहा गावांत उतरतो.

‘मरायला टेकल्यात, कापून खाऊ.’ कधीही नाही. माणसाला लागण होण्याची सगळ्यात धोक्याची वेळ हीच : आजारी कोंबडी कापणं, पिसं उपटणं, आतडी काढणं.

‘ओढ्यात टाकू, उकिरड्यावर टाकू.’ तिथून कुत्री आणि कावळे घेऊन जातात. नदीपात्रात तर अजिबात नाही.

‘कोणाला सांगू नका, सगळ्यांच्या कोंबड्या मारतील.’ ही भीती खोटी नाही, म्हणून तिच्याबद्दल पुढच्या दोन पायऱ्यांत सविस्तर लिहिते. लपवल्याने मारणं टळत नाही, आठवडाभर लांबतं फक्त. तेवढ्यात तुमच्या कोंबड्या मेलेल्या असतात आणि रोग शेजारणीच्या खुराड्यात गेलेला असतो.

८. कळवल्यानंतर काय होतं

डॉक्टर येऊन मेलेले पक्षी आणि जिवंत पक्ष्यांच्या घशाचे, विष्ठाद्वाराचे नमुने घेतात. ते पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत जातात आणि शेवटचा शिक्का भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा असतो. यात काही दिवस जातात. या दिवसांत काय करायचं हे कोणी आवर्जून सांगत नाही, तर ऐका : तुमच्याकडून काहीही बाहेर जाऊ देऊ नका. पक्षी नाही, अंडी नाही, खत नाही, रिकामी गोणी नाही. स्वतः दुसऱ्याच्या शेडमध्ये जाऊ नका, बाजारात कोंबड्यांच्या ओळीत जाऊ नका. अंडी मोजून एका कोपऱ्यात ठेवा, खाऊ नका, फेकूही नका. त्यांचीही भरपाई असते.

अहवाल होकारार्थी आला तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरचा भाग हा संसर्गित क्षेत्र. त्यातले सगळे पाळीव पक्षी, निरोगी दिसणारेसुद्धा, शास्त्रीय पद्धतीने मारले जातात आणि चुना टाकून खोल खड्ड्यात पुरले जातात. अंडी, खाद्य, तूस (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) नष्ट होतं. एक ते दहा किलोमीटर हे सर्वेक्षण क्षेत्र. तिथे पक्षी मारत नाहीत, पण ने-आण आणि विक्री थांबते, नमुने घेतले जातात, घरोघरी पक्ष्यांची मोजणी होते. आमच्याकडे हेच झालं. मोजणीला आलेल्या माणसांना खरा आकडा द्या. ‘कमी सांगू, नंतर त्रास नको’ म्हणणाऱ्यांच्या लिहून न दिलेल्या कोंबड्यांना पुढे कुठेच आधार राहत नाही.

निरोगी कोंबडी मारताना बघणं कठीण असतं. अंड्यावर घर चालवणाऱ्या बाईसाठी तर फारच. तरीही एक किलोमीटरचा हा नियम मला पटतो. आज धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीत विषाणू असू शकतो आणि तो दिसायला काही दिवस लागतात. कुंपण तिथेच घातलं नाही तर पुढच्या आठवड्यात ते तालुकाभर घालावं लागतं.

पथकाला आत येऊ द्या, वाद घालू नका, पण पंचनामा होताना स्वतः उभे राहा. मोजणी वहीशी ताडून बघा. वय नीट लिहिलंय का बघा, कारण भरपाई वयावर ठरते.

९. भरपाई आणि कागद

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : भरपाई शासनाने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. पथक येईपर्यंत शंभरातल्या साठ मेल्या असतील तर हिशेब चाळीसचा. पहिल्याच दिवशी केलेल्या फोनची किंमत इथे रुपयांत कळते.

२०२१ मध्ये राज्यात लागू झालेले दर असे होते : अंडी देणारा पक्षी आठ आठवड्यांपर्यंतचा २० रुपये, त्यावरचा ९० रुपये. मांसल पक्षी सहा आठवड्यांपर्यंतचा २० रुपये, त्यावरचा ७० रुपये. अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२ रुपये. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून पंचनाम्याच्या दिवशी चालू आदेशाची प्रत मागून घ्या. गावरान कोंबडी बाजारात याहून कितीतरी महाग जाते. ही रक्कम पुरी पडत नाही, आणि गावरान पक्ष्यांसाठी वेगळा दर असावा असं माझं ठाम मत आहे. पण आज आहे तो हक्काचा पैसा सोडू नका.

हे कागद आधीच एका पिशवीत काढून ठेवा :

- रोजची नोंदवही
- पिल्लं किंवा पक्षी घेतल्याची पावती, नसेल तर देणाऱ्याकडून साधं लिहून घेतलेलं
- खाद्याच्या पावत्या
- आधार कार्ड आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, खातं चालू आहे याची खात्री करून
- शेड असेल तर सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८
- लसीकरणाची नोंद
- कळवल्याच्या अर्जाची प्रत
- पंचनाम्याची प्रत, सहीशिक्क्यासह

बचत गटाच्या कोंबड्या असतील तर खातं गटाचं की एकेकीचं, हे पंचनाम्यातच स्पष्ट करून घ्या. करार पद्धतीने पक्षी वाढवत असाल तर पिल्लं आणि खाद्य कंपनीचं असतं, शेड आणि मेहनत तुमची. अशा वेळी भरपाई कोणाच्या नावावर येईल आणि तुमचं वाढवण्याचं शुल्क कसं मिळेल, हे करारनाम्यात शोधा. करार करतानाच शोधा, साथ आल्यावर नाही. आमच्या ओळखीत एका कुटुंबाचे पैसे बँक खात्याच्या नावातल्या एका अक्षरामुळे अडकून पडले होते. पासबुक आणि आधारवरचं नाव आज जुळवून बघा.

१०. माणसांनी स्वतःला कसं जपायचं

हा विषाणू माणसाला सहजासहजी लागत नाही. लागला तर मात्र फार वाईट. २००३ पासून जगभरात एच५एन१चे नऊशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले जवळपास निम्मे दगावले. भारतात २०२१ मध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीत उपचार घेताना गेला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या नरसरावपेटची दोन वर्षांची मुलगी गेली. तिने कच्च्या चिकनचा तुकडा तोंडात घातला होता, असं घरच्यांनी सांगितलं. माणसाकडून माणसाला हा रोग सहज पसरत नाही, म्हणून आजारी माणसाच्या घरावर बहिष्कार टाकायचं कारण नाही.

आजारी पक्ष्यांच्या जवळ गेलेल्या प्रत्येकाने दहा दिवस स्वतःवर लक्ष ठेवायचं. ताप, खोकला, घसा दुखणं, डोळे लाल होणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि आत शिरताच सांगा, ‘आमच्या कोंबड्या मेल्यात, मी त्यांना हात लावला होता.’ हे वाक्य तुम्ही म्हटलं नाही तर डॉक्टर साध्या तापाच्या गोळ्या देतील, त्यांचा दोष नाही. ओसेल्टामिविर नावाचं औषध आहे, ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं उपयोगी. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले जातात. गावातल्या आशाताईंना घरातल्या सगळ्यांची नावं लिहून द्या.

शेडमधून आल्यावर कपडे बाहेरच काढून गरम साबणपाण्यात भिजवा, हात कोपरापर्यंत धुवा, आंघोळ करा, मग लेकराला उचला.

मांजर-कुत्र्याला कच्ची आतडी टाकू नका. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या या रोगाने मेले. मांजर त्याच कुळातलं, आणि ते आपल्या चुलीपाशी झोपतं.

११. स्वयंपाकघरात

चिकन-अंडी बंद करायची गरज नाही. ७० अंश सेल्सिअसला विषाणू मरतो, आणि आपला रस्सा तर खदखदून उकळतो. धोका शिजलेल्या ताटात नसून कापण्याच्या पाटावर आहे. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट वेगळा ठेवा, त्यावर कोथिंबीर-कांदा चिरू नका. नळाच्या धारेखाली चिकन धुतलं की थेंब ओट्याभर उडतात, पातेल्यात धुवा. अर्धकच्चं अंडं, दुधात फेटलेलं कच्चं अंडं साथीच्या दिवसांत नको. आणि साथीच्या भागात जिवंत कोंबडी घरी आणून कापू नका.

१२. रानपक्षी मेलेले दिसले तर

जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात बगळे आणि दापोलीत कावळे मेलेले सापडले होते. कावळे, बगळे, बदकं, पारवे एकाच जागी मरून पडलेले दिसले तर हात लावू नका. जागा, तारीख, अंदाजे संख्या लिहा, दुरून फोटो काढा आणि १९६२ वर किंवा वनविभागाला कळवा. शहरात असाल तर महापालिकेलाही. तडफडणाऱ्या पक्ष्याला पाणी पाजायला धावणारी मुलं मनाने फार चांगली असतात, त्यांना प्रेमाने अडवा. पाणवठ्यावरच्या पक्ष्यांना दगड मारून, फटाके लावून हाकलू नका. आजारी थवा उठला की पुढच्या तळ्यावर जाऊन बसतो.

१३. पुन्हा सुरुवात

संसर्गित क्षेत्रात पक्षी मारून स्वच्छता झाल्यावर विभाग प्रमाणपत्र देतो, मग तपासणीचा काळ सुरू होतो. साधारण तीन महिने शेड रिकामं राहील असं धरून पैशांचं नियोजन करा. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एकही पिल्लू आणू नका. लपून आणलेल्या पिल्लांमुळे सगळ्या गावाची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागू शकते.

या काळात जुनं तूस राहिलं असेल तर ते स्वतः शेतात टाकू नका, विल्हेवाट पथकाच्या सांगण्याप्रमाणेच लावा. जाळी दुरुस्त करा, जमिनीच्या भेगा बुजवा, भिंतींना चुना द्या, लाकडी खुराडं सडलेलं असेल तर जाळून नवं करा, कारण लाकडाच्या फटीतली घाण निघत नाही. परवानगी आल्यावर पहिली बॅच नेहमीच्या चौथाई आणा, पंधरा-वीस दिवस वहीत रोज नोंद ठेवा, सगळं ठीक असेल तरच बाकीचे पक्षी भरा. पिल्लं दवाखान्याने सुचवलेल्या उबवणी केंद्रातूनच घ्या, पावतीसह, आणि आणल्याच्या दिवशी डॉक्टरांना संख्या कळवून ठेवा.